वाचकांचे प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर किती आणि वेळ किती?

गेल्या अंकात या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी एकाच ओळीत लिहून गेलो होतो, की मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून थेट विमानाला साधारण सोळा तास लागतात. त्या ओळीने कोणाचे समाधान झाल्याचे दिसत नाही, कारण महिनाभर त्याच विषयावर पत्रे येत राहिली. चूक आकड्यांची नव्हती, मांडणीची होती. अंतराला वेगाने भागले की वेळ हाती लागते, असा त्या वाक्याचा सूर होता. अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका आकड्यात देता येते. वेळ मात्र वारा, राजकारण आणि घड्याळ हे तिघे मिळून ठरवतात. आलेल्या पत्रांपैकी सात निवडून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे जाताना आसनासमोरच्या पडद्यावर मी विमानाचा मार्ग पाहत होते. विमान युरोपवरून आणखी वर सरकत आइसलँडच्या बाजूने गेले आणि मग खाली उतरले. आमच्या घरच्या भिंतीवरील नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला, जेमतेम वीतभर वर दिसते. मग एवढा वळसा कशासाठी? शेजारचे गृहस्थ म्हणतात, की तिकडे हवा थंड असल्यामुळे इंधन वाचते. हे खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : वळसा विमान घेत नाही, नकाशा घेतो. आपण शिक्षिका होता, तेव्हा शाळेतला पृथ्वीगोल अजून कपाटावर असेल तर तो खाली घ्यावा आणि शिवणाचा दोरा आणावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवावे आणि दोरा घट्ट ओढावा. ढिला असताना अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया असा पश्चिमेकडे पसरलेला दोरा ताण बसताच आपोआप वर घसरतो आणि उत्तरेकडे जाऊन स्थिरावतो. कोणी सांगितले म्हणून तो तिकडे जात नाही. तिकडे त्याला लांबी कमी लागते म्हणून जातो.

गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. ताणलेला दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल. हेच ते १२,५०० किलोमीटर. आता होकायंत्राची दिशा अजिबात न बदलता, म्हणजे सतत पश्चिमेकडे किंचित वर असे जायचे ठरवले, तर दोरा साडेतेहतीस सेंटीमीटरच्या आसपास लागतो आणि प्रवास १४,२०० किलोमीटरचा होतो. भिंतीवरच्या नकाशात जी रेघ सरळ दिसते, ती प्रत्यक्षात जवळजवळ १,७०० किलोमीटरने लांबची आहे.

संत्रे कोणत्याही बाजूने, पण बरोबर मध्यबिंदूतून कापले, तर सालीवर जे वर्तुळ उमटते त्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता त्या दोघांमधून जाणाऱ्या बृहद्वृत्तावरच असतो. अक्षांशांच्या वर्तुळांपैकी हा मान फक्त विषुववृत्ताला आहे. मुंबईचे १९ अंशांचे किंवा न्यूयॉर्कचे ४१ अंशांचे वर्तुळ गोलाच्या मध्यातून जात नाही, म्हणून त्यांच्या कडेकडेने जाणे हा आडमार्ग ठरतो. मुंबई-पुणे किंवा मुंबई-नागपूर प्रवासात हा फरक डोळ्यांना दिसतच नाही, आणि म्हणूनच आपली नजर सपाट नकाशाला सरावलेली असते.

मुंबई-न्यूयॉर्क बृहद्वृत्त गणिताने मांडले, तर मुंबई सोडताना विमानाचे तोंड पश्चिमेकडे नसतेच. ते जवळजवळ उत्तरेकडे, उत्तरेपासून केवळ २७ अंश पश्चिमेला कललेले असते. तिथून हा कल्पित मार्ग सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असे ओलांडत थेट मॉस्कोजवळून जातो, फिनलंडच्या दक्षिण भागावरून स्वीडन आणि नॉर्वे गाठतो, आइसलँडच्या पूर्वेला समुद्रावर सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, आइसलँडवरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी येतो आणि कॅनडातल्या लॅब्राडोरवरून खाली उतरतो. म्हणजे न्यूयॉर्ककडे येणारे विमान पूर्वेकडून नव्हे, तर ईशान्येकडून येते. आपण पडद्यावर पाहिलेला मार्ग या आदर्श मार्गाच्या पुष्कळ दक्षिणेला होता, तो का, याचे उत्तर पुढे एका प्रश्नात येईल.

भिंतीवरच्या नकाशाला फार दोष देऊ नये. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या पद्धतीवरून असे नकाशे तयार होतात, ती खलाशांच्या सोयीची होती; होकायंत्राचा काटा एका अंशावर ठेवून गलबत हाकायचे, तर त्या मार्गाची रेघ नकाशावर सरळ यायला हवी होती. ती सोय साधताना ६० अंश अक्षांशावरचे प्रदेश दुपटीने ताणले गेले आणि ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसू लागले, जेव्हा की आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. शेजारच्या गृहस्थांना सांगावे, की दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवा अरबस्तानावरही पुरेशी थंडच असते.

प्रश्न : मुंबई-न्यूयॉर्क अंतर मी तीन ठिकाणी पाहिले. एका ठिकाणी १२,५३२ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी १२,५५० च्या आसपास आणि तिसऱ्या ठिकाणी ६,७०० च्या वर काहीतरी होते. खरे कोणते? घरी हे गणित करता येईल का? (अकरावीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तिन्ही खरे आहेत. पहिल्या आकड्यात पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा निर्दोष गोल मानली आहे. दुसऱ्यात ती आहे तशी, ध्रुवांकडे किंचित चपटी धरली आहे (विषुववृत्ताकडे त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांकडे ६,३५७ किलोमीटर). तिसरा आकडा सागरी मैलांत आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो अक्षांशाच्या एका कलेएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) असल्यामुळे वैमानिक व खलाशी त्याला सोडायला तयार नसतात.

गणित अकरावीत सहज होईल. दोन्ही ठिकाणच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे, दोन्ही मिळवावे. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची, ती १४६.६५ अंश येते. उत्तर उणे ०.३८६ मिळेल, आणि ज्या कोनाचा हा कोसाइन आहे तो ११२.७ अंशांचा आहे. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून गुणाकार १२,५३२ च्या जवळ येतो. रेखांशांची वजाबाकी करण्याची चूक बहुतेक सगळे जण एकदा तरी करतात. तशी केल्यास न्यूयॉर्क मध्य आशियात कुठेतरी जाऊन बसते.

प्रश्न : माझ्या तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री १.३० आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी ७.०० आहे. परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११.३० ला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला पोहोचायचे आहे. जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस, असे कसे? प्रवास डिसेंबरातला आहे. (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ ही त्या त्या गावच्या घड्याळाची असते. निघण्याची वेळ मुंबईच्या भिंतीवरची आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कच्या भिंतीवरची, त्यामुळे त्यांची वजाबाकी करून काहीही हाती लागत नाही. सोपी रीत अशी, की चारही वेळा भारतीय घड्याळात मांडून घ्याव्यात.

भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क ग्रिनिचच्या पाच तास मागे असते, म्हणजे दोहोंत साडेदहा तासांचे अंतर आहे. न्यूयॉर्कला सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. रात्री दीडपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत सोळा तास झाले. परतीला न्यूयॉर्कचे सकाळचे साडेअकरा म्हणजे आपल्या रात्रीचे दहा. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत साडेचौदा तास होतात. साडेपाच आणि पंचवीस यांचा मेळ असा बसतो.

याच प्रवासाचे तिकीट आपण मे महिन्याचे काढले असते, तर साडेदहाऐवजी साडेनऊ तास धरावे लागले असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण वर्षभर घड्याळाला हात लावत नाही, म्हणून मुलाला फोन करण्याची ठरलेली वेळ वर्षातून दोनदा चुकते. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात ‘+१’ छापलेले असते, तेही नजरेखालून घालावे. त्याचा अर्थ पोहोचण्याची तारीख पुढची आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून रात्री उशिरा निघणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर ‘+२’ असू शकते, आणि ते न पाहिल्यामुळे घरचे लोक विमानतळावर एक दिवस आधी जाऊन उभे राहिल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत.

आणखी एक बारकावा सांगायला हवा. हे सोळा तास आकाशातले नसतात. विमान मुंबईच्या फलाटावरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून न्यूयॉर्कच्या फलाटाला लागेपर्यंतचा तो काळ असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरात असते. रांगेत उभे राहण्याचा वेळही कंपनीने त्यात धरलेला असतो.

प्रश्न : जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा तास, हा दीड तासाचा फरक पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पडतो का? पण मग उलट व्हायला हवे. पश्चिमेकडे जाताना न्यूयॉर्क आपणहून आपल्याकडे सरकत येत असणार. (एक अभियंता, पुणे)

उत्तर : आपण आक्षेपासकट प्रश्न विचारला, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि हवेत असलेले विमानही. तसे नसते, तर दादरवर तासभर एका जागी तरंगलेले हेलिकॉप्टर सरळ खाली उतरवले असता ओमानच्या किनाऱ्यावर टेकले असते, कारण पृथ्वी तासाला १५ अंश वळते आणि मुंबईच्या अक्षांशावर ते अंतर १,५८० किलोमीटरच्या घरात जाते. धावत्या लोकलमध्ये उडी मारणारा मुलगा मागच्या डब्यात पडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

खरे कारण वाऱ्याचे आहे. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर, नेमक्या विमानांच्या उंचीवर, म्हणजे नऊ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे अरुंद झोत वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग असतो. हिवाळ्यात तो तीनशेच्याही वर जातो. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील तफावतीमुळे ते निर्माण होतात, आणि त्यांना पूर्वेकडे वळवण्याचे काम पृथ्वीचे फिरणे करते. म्हणजे आपल्या प्रश्नात पृथ्वीचे परिवलन आले ते अगदीच चुकीचे नव्हते. ते आडून काम करते, एवढेच. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण आपला अहवाल त्याने एस्पेरान्तो या, जगाची सामाईक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम रचलेल्या भाषेत प्रसिद्ध केला आणि जपानबाहेर तो बहुतेकांनी वाचलाच नाही. जगभर वाचले जावे म्हणून निवडलेल्या भाषेनेच तो दडवला.

आता हिशेब पाहू. प्रत्यक्ष मार्ग १३,००० किलोमीटरचा धरला आणि हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी ९०० मानला, तर वारा नसताना सुमारे १४ तास २७ मिनिटे लागतील. जाताना सरासरी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या तुलनेत वेग ८६० उरतो आणि १५ तास ७ मिनिटे लागतात. येताना तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९४० होतो आणि १३ तास ५० मिनिटांत काम होते. दोन्हींकडे जमिनीवरच्या हालचालीची पाऊण तासाची भर घातली, की नाशिकच्या वाचकांच्या तिकिटावरचे आकडे जवळजवळ जुळतात. अभियंत्यांच्या लक्षात येईल, की समोरच्या वाऱ्याने ४० मिनिटे गेली आणि पाठीमागच्या तेवढ्याच वाऱ्याने ३७ मिनिटेच परत मिळाली. वाऱ्याशी केलेल्या व्यवहारात जाऊन-येऊन तोटाच होतो, कारण प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक वेळ काढतो.

वारा किती बलवान ठरू शकतो, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. कियारा नावाच्या वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. वाटेत जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती मर्यादा भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजायची असते आणि हवा स्वतःच त्याच दिशेने धावत होती.

याहून बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान सुरुवातीला अटलांटिकच्या बाजूने जात असे आणि तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेण्यात आले. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा झाला, म्हणजे १,४०० किलोमीटरने वाढला, आणि वेळ साडेचौदा तासांवर येऊन जवळपास दोन तासांनी घटली. समोरचा वारा पाठीशी घेतल्याचा हा परिणाम होता. गेल्या अंकातले माझे ते वाक्य का फसले, हे या एका उदाहरणावरून कळून येईल.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी भारतातून अमेरिकेला न थांबता जाणारी विमाने आता मध्येच युरोपात उतरून इंधन घेतात, असे माझ्या भाच्याने सांगितले. विमाने तीच, अंतर तेच, मग आता असे का? (एक व्यापारी, मडगाव)

उत्तर : पहिल्या उत्तरातला दोरा पुन्हा हाती घ्यावा. तो सिंध, अफगाणिस्तान आणि रशियावरून जातो, हे आपण पाहिले. दोऱ्याला परवाना लागत नाही, विमानाला लागतो. प्रत्येक देशाच्या भूमीवरचे आकाश त्या देशाच्या मालकीचे असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियानेही त्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. भारतीय कंपन्यांना ही बंदी लागू नव्हती, त्यामुळे दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी भारतीय विमाने रशियावरून जात राहिली. त्यातलेच एक विमान ६ जून २०२३ रोजी इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरले, आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी मुंबईहून दुसरे विमान पाठवावे लागले. मोकळ्या आकाशाखालची जमीनही सोयीची असेलच असे नाही, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले.

दुसरी भिंत आपल्या दाराशी उभी राहिली. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये काही महिने आकाश बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले, भारतानेही तसेच उत्तर दिले, आणि ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली गेली. याचा मोठा फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून खाली अरबी समुद्रापर्यंत यावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते. मुंबई मुळातच समुद्रकाठी असल्यामुळे तिला त्या मानाने कमी वळसा पडतो.

आता इंधन. बोइंग ७७७-३०० ईआर या विमानात सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. त्याचे वजन १४५ टनांच्या आसपास होते आणि विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन साधारण ३५१ टन असते, म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या तर उडणाऱ्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग इंधनाचाच असतो. वळसा वाढला की जास्त इंधन घ्यावे लागते, जास्त इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते, आणि कमाल वजनाची रेघ गाठली की प्रवासी किंवा सामान उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यापेक्षा व्हिएन्नासारख्या ठिकाणी तासभर उतरून टाक्या भरणे स्वस्त पडते. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांनी २०२५ मध्ये तेच केले. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवताना एअर इंडियाने जी कारणे दिली, त्यांत विमानांच्या नूतनीकरणामुळे पडलेल्या तुटवड्याबरोबर बंद आकाशाचाही उल्लेख होता.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्यांना न्यूयॉर्कला न्यायचे आहे. थेट विमान घ्यावे की मध्ये थांबणारे? थांबले तर अंतर किती वाढते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अंतर वाढते हा समज बाजूला ठेवावा. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर, मिळून १२,७५० होतात. थेट अंतराहून हे जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त आहे, म्हणजे विमानाच्या हिशेबाने पंधरा मिनिटेही नाहीत. दुबईमार्गे १,९३० आणि ११,००० मिळून १२,९३० होतात, चारशेच्या आसपास वाढ. ही शहरे ताणलेल्या दोऱ्याच्या फार लांब नाहीत, त्यामुळे हे असे होते.

वाढतो तो जमिनीवरचा वेळ. मधल्या थांब्यावर दोन तास असोत की सात, उतरणे, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसऱ्या फलाटापर्यंतची चाल आणि पुन्हा चढणे हे सगळे एकदा जास्त करावे लागते. तरुण माणसाला पाय मोकळे होतात; गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तीच चाल प्रवासातली सर्वांत कठीण गोष्ट ठरते. माझे मत विचाराल तर सासूबाई सलग बसू शकत असतील आणि परवडत असेल तर थेट विमान घ्यावे, कडेचे आसन मागून घ्यावे आणि दर दोन तासांनी त्यांना मार्गिकेतून फिरवावे. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. थांबणारे घ्यायचेच झाले तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, मधे किमान तीन तास असावेत आणि व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. ऐन वेळी मागितली तर मिळते, पण वाट पाहावी लागते.

प्रश्न : मुंबईपासून सर्वांत दूरचा विमानतळ कोणता? आणि जगातले सर्वांत लांबचे थेट उड्डाण कोणते? (इयत्ता आठवीची विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सध्या नियमित चालणाऱ्या उड्डाणांत सिंगापूर-न्यूयॉर्क सर्वांत लांबचे आहे; अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर, वेळ साडेअठरा तासांच्या आसपास. त्यासाठी एअरबस ए-३५० चा खास लांब पल्ल्याचा प्रकार वापरतात. ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी सिडनी-लंडन हे १७,००० किलोमीटरचे अंतर न थांबता कापण्याच्या तयारीत आहे. २०१९ मध्ये तिने मोजके लोक बसवून लंडन-सिडनी असे चाचणीचे उड्डाण केले होते, त्याला १९ तास १९ मिनिटे लागली.

पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी दूर असूच शकत नाहीत, कारण पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे आणि अर्ध्या घेराच्या पुढे गेले की आपण दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागतो. मुंबईच्या बरोबर पाठीमागचा बिंदू काढायचा असेल तर अक्षांश उत्तरेचा दक्षिण करावा आणि रेखांश १८० मधून वजा करून पूर्वेचा पश्चिम करावा. तो १९ अंश दक्षिण आणि १०७ अंश पश्चिम असा येतो. तिथे पॅसिफिक महासागराचे पाणी आहे, विमानतळ नाही. त्याच्या सर्वांत जवळचा विमानतळ सुमारे सव्वानऊशे किलोमीटरवर, दगडी मुखवट्यांसारख्या प्रचंड पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईस्टर बेटावर आहे. मुंबईपासून तो जवळजवळ १९,१०० किलोमीटर दूर पडतो. थेट विमान अर्थात नाही. आधी दक्षिण अमेरिकेत चिलीची राजधानी सान्तियागो गाठावी लागते आणि तिथून समुद्रावरून आणखी सुमारे ३,७५० किलोमीटर पश्चिमेला जावे लागते. भूगोलाच्या वहीत हा मार्ग काढताना तो सपाट नकाशावर काढू नकोस, घरात पृथ्वीगोल नसेल तर एखाद्या चेंडूवर काढ.